पाचशेवं उड्डाण

वही हातात घेतली तेव्हाच दिनानाथांना ती हलकी लागली. शंभर पानी वही, पुठ्ठ्यावर अबोलीनं स्केचपेननं काढलेलं निळं विमान, सगळं मागच्या रविवारी होतं तसंच होतं. फरक असून असून किती असणार, आठ-दहा पानांचा. पण विमानाच्या अंगावर चिकटवलेले बारीक बारीक सेन्सर काय सांगतात ते वाचण्यात ज्यानं एकतीस वर्षं घालवली, त्याच्या हाताला असल्या गोष्टी कळतात. त्यांनी वही लगेच उघडली नाही. आधी आडवी धरून कड बघितली. शिलाईपाशी फाटलेल्या पानांची दातेरी कड उभी होती, कुणीतरी घाईनं ओढून काढल्यासारखी.

"पानं कुठं गेली गं?"

अबोली गच्चीच्या कठड्याशी उकिडवी बसून थर्माकोलच्या पंखाला टेप लावत होती. बारा वर्षांची पोर, खालच्या मजल्यावर राहणारी. वडिलांची नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात, चार वर्षांपूर्वी नाशिकहून इथं तुकोगंजात आलेलं बिऱ्हाड. आली तेव्हा तिचं मराठी नाशिकचं होतं. आता ते इंदूरचं झालं होतं.

"ते ना आजोबा, शिखा मॅडम बोलल्या, जे जे फेल आहे ते सब निकाल दो. शाळेच्या एक्झिबिशनमध्ये चांगलं नाही दिसत."

"आणि तू काढलीस?"

"मग काय करू! त्या समोर उभ्या होत्या ना."

त्यांनी पान उलटलं. दिवाळीनंतर दर रविवारी ते तिला आणि तिच्या ग्लायडरला घेऊन हातोदच्या पुढं जात होते, सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या एका ओळखीच्या वावरात. तुकोगंजात तारा फार आणि आभाळ कमी. चौसष्ट उड्डाणं झाली होती. प्रत्येक उड्डाणाला अर्धं पान, नीट झालेली वहीच्या पुढून, पडलेली मागून: काय करून बघायचं होतं, काय झालं, आता काय बदलायचं. खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. चौसष्टपैकी एकतीस वेळा ते पडलं होतं, कधी नाकावर, कधी पंखावर, एकदा तर शेतमालकाच्या म्हशीच्या पाठीवर. आता वहीत तेहतीसच उड्डाणं होती, आणि त्यांचे आकडे व्हाइटनर लावून नव्यानं घातले होते. व्हाइटनरचा वास अजून येत होता. विसाव्या उड्डाणावर पांढरा थर देऊन त्यावर अकरा लिहिलं होतं. त्याखाली अबोलीच्या अक्षरात: 'शेपटीला उदबत्तीची काडी चिकटवली.' काडी का चिकटवली? कारण एकोणिसाव्या उड्डाणात शेपटी थडथडली आणि विमान ढेकळात घुसलं. ते एकोणीस आता नव्हतंच. काडी तेवढी राहिली होती, बिनकारणाची.

राग आला तो असा की प्रथम त्यांना तो ओळखूच आला नाही. वाटलं, ऊन लागतंय. ते शांत माणूस म्हणून प्रसिद्ध होते. घरी शिकायला येणारी पोरं एकच प्रश्न सहा वेळा विचारत आणि ते सहा वेळा उत्तर देत, सातव्यांदा वेगळ्या शब्दांत. वसुधाबाई म्हणत, माझ्यासाठी ह्यातला एक शतांश धीर ठेवला असता तर संसाराचं सोनं झालं असतं. पण आता मानेमागून काहीतरी गरम वर सरकत होतं. आणि ते ह्या वहीमुळंच होतं असंही नाही. सकाळी पुतण्यानं, समीरनं, घरच्या ग्रुपवर बातमी टाकली होती: नव्या लढाऊ विमानाच्या चाचण्यांचा पहिला टप्पा पूर्ण. खाली ठळक अक्षरांत, 'एकही बिघाड नाही!' त्याखाली समीरचं, 'काका, तुमच्या लाइनमधलं!! प्राउड!!' आणि टाळ्या वाजवणारे अकरा हात. चहाचा कप तसाच ठेवून ते वसुधाबाईंना म्हणाले होते, "एकही बिघाड नाही, म्हणजे मग वर कशाला गेले होते हे? बिघाड शोधायलाच जातात ना? डॉक्टरनं सांगावं, शंभर लोकांना तपासलं, कुणातच काही सापडलं नाही, पेढे वाटा!" वसुधाबाई भाजी निवडत म्हणाल्या, "चहा गार होतोय. विमान तिकडं उडू दे त्याचं त्याचं." तेव्हा ते हसले होते. त्या हसण्याखाली हा राग सकाळपासून दबून बसला असणार.

"हे चुकीचं आहे अबोली," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "साफ खोटं आहे हे. पडलेलं लिहायचं नसेल तर उडवायचंच कशाला? वही आहे ही. लग्नाचा अल्बम नाही."

अबोलीनं टेपचा तुकडा दातानं तोडला. ती रडेल असं त्यांना वाटलं, पण ती रडली नाही. तिनं सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"पण आजोबा, तुम्हीच तर बोललात ना. तुमचं पाचशेवं उड्डाण एकदम परफेक्ट होतं. काहीच खराबी नव्हती. फोटो पण आहे ना हॉलमध्ये. मी मॅडमना तेच सांगितलं. तर मॅडम बोलल्या, देखो, बस ऐसा ही चाहिए."

गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी होत्या. त्या हलत होत्या. दिनानाथ चादरींकडे बघत राहिले. अबोलीची कंपासपेटी तिच्या गुडघ्यापाशी पडली होती, झाकण नीट न बसणारी, वरून दोन रबरबँड ताणून लावलेली. ते सगळं त्यांना दिसत होतं आणि त्यातलं काही आत जात नव्हतं. "पानं आहेत का टाकलीस?" त्यांनी विचारलं. "डस्टबिनमध्ये टाकायला सांगितले मॅडमनी," ती खाली बघून म्हणाली आणि मग एकदम, "पहिला नंबर आला ना, तर भोपाळला जायचं आहे आजोबा. तीन दिवस. रेल्वेनं." वही त्यांनी तिच्या हातात परत दिली.

खाली आल्यावर ते हॉलमध्ये फोटोपुढं उभे राहिले. फोटो बंगळूरचा. विमानाच्या नाकाखाली चाळीस माणसं, पुढं झेंडूच्या माळा घातलेला पाचशेचा आकडा, दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे ते स्वतः, केस काळे. घरी येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यांनी तो फोटो दाखवला होता. मुलांना सांगायचा म्हणून गोष्टीचा एक आकार ठरून गेला होता: विमान वर गेलं, सगळ्यांनी श्वास रोखले, सगळं ठरल्यासारखं झालं, विमान खाली आलं. मुलं टाळ्या वाजवायची. इतक्या वेळा सांगितली होती की ती त्यांना स्वतःलाही तशीच आठवायला लागली होती. आज त्या गोष्टीवरचा व्हाइटनर नखानं खरवडल्यासारखा निघून आला आणि खाली जुना आकडा होता तसाच होता.

जमिनीवरची ती खोली फार थंड असायची. यंत्रांसाठी थंड ठेवलेली, माणसं एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसायची. विमान शंभर किलोमीटरवर कुठंतरी आभाळात आणि त्याची नाडी इथं पडद्यांवर. बारा माणसं, प्रत्येकाकडे विमानाचा एकेक अवयव. दिनानाथांकडे शेपटी. त्या खोलीत एकच नियम असा होता की ज्याच्यापुढं हुद्दा चालत नसे: कुणालाही काही वावगं दिसलं तर त्यानं बटण दाबून माइकवर एक शब्द बोलायचा. स्टॉप. तो उच्चारला की पायलट जे करत असेल ते सोडून विमान सरळ करणार, आणि विमान उतरेपर्यंत बोलणाऱ्याला कुणीही का म्हणून विचारायचं नाही. काल नोकरीला लागलेलं पोर असो की खुद्द संचालक. दिनानाथांना जगात ह्याच्याइतका सुंदर नियम दुसरा माहीत नव्हता. कितीदा तरी त्यांना वाटायचं, घरात असा नियम हवा, शाळेत हवा, रस्त्यावर तर हवाच.

त्या दिवशी काचेपलीकडे पाहुणे बसले होते. बाहेर मांडव, झेंडू, छायाचित्रकार. महिन्याच्या आत पाचशे व्हावं म्हणून शेवटची वीस उड्डाणं घाईनं उरकलेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर पायलट यशवर्धन, ज्याचा आवाज नेहमी झोपेतून नुकता उठल्यासारखा. त्यानं वेग वाढवला आणि दिनानाथांच्या पडद्यावरची शेपटीच्या थरथरीची रेघ, इतका वेळ केसासारखी बारीक, एकदम जाड झाली. फुलली. अडीच सेकंद. मग पुन्हा केसासारखी. अंगठा बटणावर होता. नख पांढरं पडलेलं त्यांना आजही दिसत होतं. इअरफोनमध्ये यशवर्धनचा आवाज आला, "शेपटी ठीक?" आणि त्यांनी, दिनानाथांनी, काचेपलीकडे एकदा बघितलं. कुणाकडे बघितलं ते आठवत नाही, बहुतेक झेंडूकडे. आणि म्हणाले, "ठीक."

संध्याकाळी अहवाल. रेघ फुललेली होती हे तर पुसता येत नव्हतं, ती नोंदलेली होती. कुणीतरी म्हणालं, सेन्सर सैल असेल. कोण म्हणालं? त्यांना वाटायचं, कुणीतरी म्हणालं. पण त्या खोलीत शेपटीबद्दल बोलणारं दुसरं कोण होतं? त्यांच्याच हातानं लिहिलेलं वाक्य होतं: 'सेन्सर सैल झाल्यानं चुकीची नोंद. पुन्हा चिकटवला.' त्यांच्या लोकांची ही जुनी सवय. न आवडणारं काही दिसलं की आधी ते दाखवणाऱ्या यंत्राला खोटं पाडायचं. आणि तो सेन्सर चिकटवला होता भानुमतीनं.

भानुमती बेळगावची, तंत्रज्ञ, बोटांना कायम डिंकाचा वास. शिडीवर चढून शेपटीच्या टोकाला नखाएवढा सेन्सर चिकटवायची आणि वाळल्यावर प्रत्येक सेन्सर चिमटीत धरून तीनदा ओढून बघायची, स्वतःशी मोजत, एक, दोन, तीन. तिनं चिकटवलेला सेन्सर सुटला असं कधी झालं नव्हतं. अकरा महिन्यांनी तपासणीत शेपटीच्या सांध्यात तडा सापडला, बोटभर लांब. कुणी मेलं नाही. विमान सात आठवडे जमिनीवर उभं राहिलं, बस्स. पण चौकशी झाली, आधी कळलं कसं नाही म्हणून, आणि पाचशेव्या उड्डाणाचं ते वाक्य वर आलं: सेन्सर सैल. म्हणजे सेन्सर नीट चिकटवले जात नव्हते, म्हणून थरथर कळली नाही, म्हणून तडा. भानुमतीला विमानापासून काढून स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षं, नटबोल्टांच्या खणांमध्ये. दिनानाथांना चौकशीत दोन प्रश्न विचारले गेले. अहवाल तुमचाच? हो. त्यात काही बदल? नाही. बाहेर पडून दार ओढून घेताना त्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी ते हळू ओढलं होतं. सभ्यपणा!

आणि हा माणूस बारा वर्षांच्या पोरीला सांगत होता, हे साफ खोटं आहे.

त्यांनी शिखा मॅडमना फोन केला. मॅडम चांगल्या बाई होत्या, तरुण, उत्साही, मुलांसाठी धावणाऱ्या. तेच जास्त त्रासाचं होतं. कुणी दुष्ट असतं तर सोपं गेलं असतं. "सर, आप तो जानते हैं," त्या म्हणाल्या, "बच्चों को मोटिवेट करना पड़ता है. जज लोग दो मिनट देखते हैं. इकतीस बार गिरा, ये पढ़ेंगे तो क्या सोचेंगे? और सर, आप चीफ गेस्ट हैं शनिवार को, भूलिएगा मत." दिनानाथ म्हणाले, "मॅडम, वो गिरना ही तो उसका काम है." पलीकडून गोड हसू आलं. "आप भी ना सर, बहुत सिंपल हैं." फोन ठेवल्यावर ते खोलीत येरझारा घालू लागले. मनातल्या मनात त्यांनी शिखा मॅडमना, समीरला, बातमी लिहिणाऱ्याला, झेंडूवाल्यांना, सगळ्यांना उभं करून झापलं. दोष नसलेली विमानं पाहिजेत ह्यांना, न पडणारी पोरं पाहिजेत! पडल्याशिवाय कुठली शेपटी कुठं कमजोर आहे ते कळणार कसं? आणि ज्यानं पडलेलं दाखवलं त्यालाच स्टोअरमध्ये बसवणार! झापता झापता प्रत्येक वेळी रांगेच्या शेवटी, डावीकडून चौथा, काळ्या केसांचा एक माणूस उभा असायचा आणि त्याच्यापाशी आल्यावर शब्द संपायचे.

तीन दिवस असे गेले. बुधवारी वसुधाबाई म्हणाल्या, "काय चाललंय तुमचं? रात्री दात खाता झोपेत." त्यांनी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. वसुधाबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या भानुमतीनं दिलेला कुंदा आपण खाल्लाय. दोनदा." आणि आत गेल्या.

भानुमतीचा नंबर मिळवायला समीरपासून जुन्या ऑफिसातल्या तिघांपर्यंत फोन करावे लागले. बेळगावला घंटी वाजली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

"कोण, दिनानाथ सर? अगंबाई! बरे आहात न्हवं?"

ते बोलत सुटले. नियम, रेघ, अडीच सेकंद, झेंडू, सगळं उलटसुलट. ती ऐकत होती. मागं कुकरची शिट्टी झाली, ती "एक मिनिट हां सर" म्हणाली, गॅस बंद करून आली.

"मी तीनदा ओढून बघत होते हो सर," ती म्हणाली. "प्रत्येक. तुम्हाला म्हाईत होतं की."

"हो. माहीत होतं."

"मग मला कशाला सांगताय? मलाबी म्हाईतच हाय."

तिच्या आवाजात राग असता तर त्यांनी तो हात जोडून घेतला असता. पण तिथं राग नव्हता, थकवाही नव्हता, निवडून ठेवलेल्या तांदळासारखं काहीतरी कोरडं, स्वच्छ होतं. "मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "ज्यांना त्ये खोटं सांगितलासा त्यांना सांगा की. बरं, वसुधाताई कशा आहेत?"

ज्यांना सांगितलं त्यांच्यातले निम्मे आता जगात नव्हते. त्या दिवशी दुपारी बसून त्यांनी जुन्या ऑफिसला एक पत्र लिहिलं, तीन ओळींचं, आणि तुकोगंजच्या पोस्टात स्वतः जाऊन रजिस्टर केलं. पावती खिशात घालून घरी येताना त्यांना जाणवलं, हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नव्हतं. कुठल्या तरी कपाटात जाईल ते. ज्यांना सांगितलं. रस्ता ओलांडताना ते मध्येच थांबले. मागून स्कूटरवाला ओरडला, "ओ बाबूजी, सो गए क्या भिया!" पण त्यांच्या डोळ्यांसमोर पोरं होती. निवृत्तीनंतर बारा वर्षं, फोटोखाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवणारी.

शनिवारी शाळेच्या सभागृहात दीडशे मुलं होती. भिंतीलगत टेबलं, टेबलांवर ज्वालामुखी, पाणी गाळायची यंत्रं, बटाट्यावर पेटलेला दिवा. खिडकीजवळच्या टेबलावर अबोली, दोन वेण्या घट्ट घातलेली, पुढं ग्लायडर, मागं चार्ट: 'कुल उड़ानें ३३, सफल ३३.' तिनं त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि लगेच खाली घेतला. दिनानाथ मंचावर बसले. गळ्यात झेंडूचा हार पडला. त्या वासानं त्यांच्या अंगठ्याचं नख दुखल्यासारखं झालं. आज त्या मुलीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, एवढं त्यांनी येताना पक्कं केलं होतं. ते तिचं विमान होतं, तिची वही, तिचं भोपाळ. चारचौघांत पोराला उघडं पाडणाऱ्या मास्तरांची त्यांना लहानपणापासून चीड होती.

शिखा मॅडम कागद घेऊन त्यांची ओळख करून देत होत्या. "बच्चों, दिनानाथजी ने देश के लड़ाकू विमान की टेस्टिंग में इकतीस साल दिए. और इनकी टीम की पाँच सौवीं उड़ान में एक भी खराबी..."

"स्टॉप."

त्यांच्या पुढ्यातला माइक चालू होता. शब्द सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. मॅडम थांबल्या. कुणीतरी खुसखुसलं. दिनानाथांचा माइक धरलेला हात थरथरत होता आणि माइकमधून ती थरथर ऐकू येत होती, टकटकटक, दीडशे मुलांना. मॅडम सावरून हसल्या आणि विंगेकडे वळून म्हणाल्या, "भैया, माइक में कुछ प्रॉब्लम है, ज़रा देखना."

"माइक ठीक है," दिनानाथ म्हणाले. "हात काँप रहा है. माइक वही बता रहा है."

मग त्यांनी सांगितलं. मुलांना कळेल अशा भाषेत, घाई न करता, जसं ते गच्चीवर शिकवत तसं. रेघ केवढी जाड झाली ते बोटं फाकून दाखवलं. 'ठीक' म्हणालो, ते सांगितलं. मग भानुमतीचं नाव घेतलं, आणि ती सेन्सर तीनदा कशी ओढून बघायची ते चिमटीत हवा धरून दाखवलं, एक, दोन, तीन. आपल्यामुळं ती कुठं जाऊन बसली तेही सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. पहिल्या रांगेतला एक मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता. शिखा मॅडमच्या हातातला कागद अर्धा दुमडला गेला होता. दिनानाथांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि ते खाली बसले. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. आपण हे बारा वर्षांत कधीही सांगू शकलो असतो, एवढंच वाटलं, आणि राग पुन्हा वर आला, ह्या वेळी सरळ, कुणाच्याही आड न लपता.

परीक्षक टेबलांमधून फिरू लागले. खिडकीपाशी दोघं थांबले. मंचावरून दिनानाथांना शब्द ऐकू येत नव्हते. अबोलीचं डोकं खाली होतं. एक परीक्षक चार्टवरचा तेहतीस वाचत होता, दुसरा घड्याळ बघत होता. ते पुढं निघाले, एक पाऊल टाकलंही, तेवढ्यात तिनं काहीतरी म्हटलं आणि दोघं वळले. तिनं कंपासपेटी पुढ्यात ओढली, वरचे दोन्ही रबरबँड काढून मनगटात घातले. झाकण आपोआप वर आलं. आत पट्टी नव्हती, कर्कटक नव्हतं. घट्ट घड्या घातलेली पानं होती, कोंबून भरलेली, आणि अबोली ती एकेक करून बाहेर काढून तळहातानं टेबलावर सपाट करत होती. शिखा मॅडम लगबगीनं तिकडं निघाल्या, आणि अर्ध्या वाटेत थांबल्या.

सभागृह एवढं शांत झालं होतं की आता अबोलीचा आवाज मंचापर्यंत आला.

"टोटल चौंसठ हैं, सर. इकतीस गिरी थीं," ती म्हणाली. "पहले गिरी हुई दिखाऊँ?"